ताईच्या मताला लावलेलं कुंकू

अमेरिकेतल्या एका राज्याच्या निवडणुकीत मी एक मत बाद केलं आहे. त्या वेळी मी त्या देशात नव्हतो. नेदरलँड्समध्ये, आल्मेरे गावी, मुलाच्या स्वयंपाकघरात होतो. ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. विषय निघाला की पाणी प्यायला उठायचो. (या वयात माणूस पाण्यासाठी किंवा त्याच्या उलट कामासाठी सारखा उठतच असतो, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.) आता जिला सांगायचं ती राहिली नाही. तेव्हा निदान लिहून तरी टाकतो.

ताई माझी मोठी बहीण. लग्न होऊन अमेरिकेला गेली ती तिथलीच झाली. दाजी गेल्यानंतर एकटीच राहायची. त्या वर्षी माझ्या मुलाने, अमोलने, बेत जमवला. मी साताऱ्याहून यायचं, ताईने अमेरिकेहून यायचं आणि दिवाळी त्याच्या घरी करायची. आमची ही गुडघ्यांमुळे साताऱ्यातच राहिली. बहीणभाऊ सलग दोन महिने एका छपराखाली राहण्याची, परकर आणि अर्ध्या चड्डीच्या वयानंतर ती आमची पहिलीच वेळ. सकाळी अमोल रेल्वेने ॲमस्टरडॅमला जायचा, सूनबाई गौरी माडीवर लॅपटॉप उघडून बसायची, आणि खाली आम्ही दोन म्हातारी माणसं चहावर चहा पीत पंचावन्न वर्षांपूर्वीच्या भांडणांचे निकाल लावत बसायचो.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एके दिवशी ताईच्या नावाने अमेरिकेहून जाड पाकीट आलं.

"बाळ्या, आली रे! माझी मतपत्रिका आली!" ताईने ते छातीशी धरलं.

"कसलं मत?"

"राज्यपाल निवडायचाय."

मी हसलो. "ताई, राज्यपाल निवडत नसतात. दिल्लीहून नेमतात. माणूस निवृत्त झाला की नेमतात."

"तो आपल्याकडचा! तिथला राज्यपाल म्हणजे आपला मुख्यमंत्री समज. आणि नुसता राज्यपाल नाही, खजिनदार, सरकारी वकील, हिशेब तपासणारा, शाळाखात्याचा प्रमुख, सगळे लोकांनीच निवडायचे."

"शाळाखात्याचा प्रमुख निवडून?" मी चहाचा कप खाली ठेवला. मी तीस वर्षं शाळामास्तर होतो. आमचे सगळे साहेब बदली होऊन यायचे आणि बदली होऊनच टळायचे. त्यांना मत देऊन घालवता येत असतं, तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं!

पण ताईचा जीव अडकला होता तो नेमका त्याच जागेत. त्या जागेसाठी एमिली उभी होती. एमिली म्हणजे ताईच्या शेजारची मुलगी. तिची आई दवाखान्यात नर्स, कामाच्या वेळा भलत्या. त्यामुळे शाळा सुटली की एमिली ताईकडे. ताई तिला 'इमू' म्हणायची, वरणभात कालवून भरवायची, शुभंकरोती म्हणायला लावायची. ती इमू आता मोठी होऊन सगळ्या राज्याच्या शाळा सांभाळायला निघाली होती.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती. ताईने आयुष्यात एकदाही स्वतः मत दिलेलं नव्हतं. भारतात मताचं वय होण्याआधीच तिचं लग्न झालं. अमेरिकेत नागरिक झाली, तर दाजी दोघांच्या मतपत्रिका घरी मागवायचे, दोन्ही स्वतःच भरायचे आणि म्हणायचे, "तू फक्त इथे सही कर."

"यंदा माझ्या हाताने रंगवणार," ताई म्हणाली. "प्रत्येक नावाच्या डावीकडे गोळा असतो, तो पेनाने भरायचा. इमूचा तर सगळ्यात आधी."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मी खुर्चीवर नुसता बसून राहिलो असतो, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी पूर्वी निवडणुकांना केंद्राध्यक्ष म्हणून काम केलेलं होतं. एकदा मतदान केंद्र चालवलेला माणूस मतपत्रिका समोर असताना गप्प बसत नाही.

"ताई, थांब! हात लावू नकोस. आधी गुप्ततेची व्यवस्था."

किराणा आलेलं पुठ्ठ्याचं खोकं मी तीन बाजूंनी कापलं आणि जेवणाच्या टेबलावर आडोसा केला. गौरी कॉफी घ्यायला खाली आली, तिला दारातच अडवलं.

"मतदान चालू आहे. शंभर मीटरच्या आत यायचं नाही."

"बाबा, माझं घर सव्वाशे मीटरचं नाहीये," गौरी म्हणाली. "आणि आत्या, हे घ्या." तिने ड्रॉवरमधून लाल पेन्सिल काढली. "इथे सगळे लाल पेन्सिलनेच मत देतात. मी दिलंय ना मागच्या वेळी, नगरपालिकेला."

"लाल? छे! आमच्याकडे जांभळा शिक्का."

"दोघंही गप्प बसा," ताई म्हणाली. तिने सूचनांचा कागद नाकाजवळ धरला. "काळं किंवा निळं पेन. आणि काही चूक झाली तर कळवा, नवी मतपत्रिका पाठवू. किती सभ्य माणसं आहेत बघ!"

मी तिच्या डाव्या तर्जनीला खूण केली. शाई नव्हती, म्हणून अमोलच्या टेबलावरच्या मार्करने केली. (तो मार्कर कधीच पुसला जात नाही, असं त्याच्यावरच लिहिलेलं होतं. ते नंतर वाचलं. ताई परत अमेरिकेला जाताना विमानतळावर त्या बोटाची चौकशी झाली.)

ताई खोक्याआड गेली. वीस मिनिटं बाहेर नुसतं तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं. मग ती उठली, कागदाची घडी पाकिटात घातली आणि लग्नातून आल्यासारखा चेहरा करून म्हणाली, "झालं बाई! चिकटवून ठेव. अंघोळ करून येते, मग दोघं जाऊन टाकू."

मी पाकिटात डोकावलो. मत पाहायला नव्हे, देवाशपथ! घडी पाहायला. आणि घडी चुकली होती. ताईने आधी आडवी घातली होती. आधी उभी घडी, मग आडवी, हे मी हजारो मतदारांना शिकवलं आहे. कारण काय? तर शिक्क्याची ओली शाई दुसऱ्या उमेदवारावर उमटू नये.

मी कागद काढला. इमूचा गोळा ताईने इतका सुरेख भरला होता की मला भरून आलं. आणि तिथेच घात झाला. आमच्या घरात परीक्षेचं हॉलतिकीट असो नाहीतर नवी शेगडी, कुंकवाचं बोट लागल्याशिवाय कामाला लागत नाही. गौरीचा देव्हारा स्वयंपाकघरातच. मी कुंकवात थेंबभर पाणी घातलं आणि इमूच्या ओळीत, उजवीकडच्या कोऱ्या जागेवर, यशस्वी भव म्हणून एक बोट टेकवलं. मग नियमाप्रमाणे घडी घातली. आधी उभी, मग आडवी. वरून तळहात फिरवला.

मग माझ्या लक्षात आलं.

घडी उघडली. कुंकू डावीकडे उमटलं होतं. घडी किंचित तिरकी पडल्यामुळे इमूच्या गोळ्यावर नाही, तर तिच्या खालच्या उमेदवाराच्या गोळ्यात, अगदी काठोकाठ! ताईने काळ्या पेनाने दिलेलं मत आणि मी कुंकवाने दिलेलं मत, एकाच जागेसाठी दोन मतं. हा प्रकार कोणत्याही देशात बाद होतो. हे मला पुस्तक न उघडता माहीत होतं.

मी ओल्या फडक्याने पुसलं. लाल गोळ्याचा गुलाबी ढग झाला आणि खजिनदाराच्या जागेपर्यंत पोचला. मी गव्हाचं पीठ भुरभुरलं. गुलाबी लापशी झाली. मग न्हाणीघराबाहेरच्या कपाटातून गौरीचं केस वाळवायचं यंत्र आणून लावलं. त्या आवाजाने गौरी जिन्यात आली.

"बाबा, काय करताय?"

"केस वाळवतोय."

तिने माझ्या टकलाकडे पाहिलं. संस्कारी मुलगी. आल्या पावली वर गेली.

कागद वाळला, पण गोळा आता पक्का झाला. न्हाणीघरातून ताईचं गाणं ऐकू येत होतं. त्या क्षणी एकच गोष्ट करायची होती. ताईला सांगायचं आणि नवी मतपत्रिका मागवायची. महिनाभर अवधी होता. मी स्वतः केंद्रावर कितीतरी म्हाताऱ्यांना खराब झालेली मतपत्रिका बदलून दिली होती, वर "घाबरू नका आजी" असंही म्हटलं होतं. पण ताईला काय सांगणार? इतकी वर्षं दाजींनी तुझ्या मतात हात घातला, आणि पहिल्यांदा तू एकटीने दिलंस तेव्हा मी घातला? दाजींनी निदान तिची मतं बाद तरी केली नव्हती!

मी पाकीट चिकटवलं.

पोस्टाची नारिंगी पेटी कोपऱ्यावरच होती. ताई साडीवर कोट, कोटावर शाल घालून निघाली. वाटेत शेजारच्या डच बाईंनाही तिने पाकीट दाखवलं. पेटीपाशी तिने ते दोन्ही हातांत धरलं, कपाळाला लावलं.

"ताई..."

"काय रे?"

"काही नाही. वारा फार आहे."

पाकीट आत पडलं. ताईने पेटीला नमस्कार केला. मीही केला. माझा वेगळ्या कारणासाठी होता.

भाऊबीज आली. अजून मुदत होती. पाटावर बसलो तेव्हा ठरवूनच बसलो होतो, ओवाळून झालं की सांगायचं. ताईने निरांजन फिरवलं. मी ओवाळणीचं पाकीट पुढे केलं, तर तिने माझा हात मागे ढकलला.

"यंदा नको. तू माझं मत इतकं नीट करवून घेतलंस, हीच ओवाळणी."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ताईला वाटलं प्रेमाचं. गौरीला वाटलं निरांजनाच्या धुराचं, तिने खिडकी उघडली. अमोलने फोटो काढला. तो फोटो सगळ्या नातेवाइकांत फिरला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'असा भाऊ सगळ्यांना मिळो.'

निवडणूक झाली आणि इमू पडली. चांगली दणकून पडली. खरं सांगतो, फरक मोठा आहे हे ऐकून मला हायसं वाटलं. एका मताने काही झालं नसतं, असं मी स्वतःला बजावलं. तेवढ्यात ताईने तिला फोन लावला.

"इमू, रडायचं नाही," ती आपल्या त्या मराठी वळणाच्या इंग्रजीत म्हणाली. "तुझ्या मतांत एक माझं आहे. ते मोज. ते मी स्वतः दिलंय."

पलीकडे ती मुलगी हसता हसता रडायला लागली. मी पाणी प्यायला उठलो.

त्यानंतर दर रविवारी आमचा फोन व्हायचा. ताई ओळखीच्या प्रत्येकाला त्या मताची गोष्ट सांगायची. त्यात माझं खोकं असायचं, लाल पेन्सिल असायची, तिच्या बोटावरची खूण असायची. मला दर रविवारी वाटायचं, आज सांगू. मग ती गोष्ट सांगायला सुरुवात करायची आणि तिच्या आवाजात इतकी ऐट यायची की मी ऐकत राहायचो.

मागच्या हिवाळ्यात ती आजारी पडली. शेवटच्या फोनवर मी तिला एकही शब्द बोलू दिला नाही. डोळे मिटले आणि म्हणालो, "ताई, मला माफ कर."

"कशाबद्दल रे बाळ्या?"

मी केंद्राध्यक्ष. तीनशे माणसांच्या रांगेला दरडावून सरळ करणारा.

"फोन करायला उशीर झाला ना, म्हणून," मी म्हणालो.

"वेडाच आहेस," ती म्हणाली, आणि मला माफ केलं.

ताई, ते फोनबद्दल नव्हतं ग.