नातीचं स्पेलिंग मी घ्यायचो

नातीचं स्पेलिंग माझी बायको घ्यायची. ती गेली, आणि संध्याकाळी पाच ते सात घरात मी आणि ही दुसरीतली पोर, दोघंच उरलो. मुलगा आणि सून कामावरून उशिरा येतात. सून म्हणाली, "बाबा, आता तुम्ही बसाल का तिच्यासोबत? नाही जमलं तर जेसल पार्कला ट्यूशन बघते. तिथूनच सातला येईल."

म्हणजे ते दोन तासही गेले. भिंतीकडे बघत बसायला माझ्याकडे आधीच भरपूर वेळ आहे. मी म्हटलं, "त्यात काय, घेईन की."

माझं शिक्षण मराठी चौथी. जन्मभर भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात ताटं-वाट्या पॉलिश केल्या. इंग्रजी अक्षरं ओळखतो, त्यापुढे अंधार. पण सुनेला हे सांगायला जीभ रेटली नाही.

बायको सातवी शिकलेली. तरी दोघींचं भाजी निवडता निवडता मजेत चालायचं. कॅट, हॅट, मॅट ही म्हणे एका घरातली भावंडं. शब्दाच्या शेवटी बसणारा मुका ई म्हणजे घरातला म्हातारा. स्वतः तोंड उघडत नाही, पण तो येऊन बसला की आतल्यांचा आवाज बदलतो, कॅपचं केप होतं, किटचं काइट. "तुझ्या आजोबांच्या अगदी उलट बघ," असं ती म्हणायची आणि दोघी हसायच्या. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

माझी पद्धत सोपी होती. पुस्तक हातात धरायचं आणि दरडावायचं. पोर अडखळली तर चूक, धडाधडा बोलली तर बरोबर. एकदा तिने विचारलं, "आजोबा, नाइफमधला के बोलायचा नाही ना?"

"लिहिलाय तर बोलायचा. फुकट बसवलाय का त्याला?"

तिने मान हलवली आणि तसं म्हणून दाखवलं. शाळेच्या वहीत लाल रेघा वाढत गेल्या. मग तिने प्रश्न विचारणंच सोडलं. खाली मान घालून, पटपट म्हणून मोकळी व्हायची. पोर मला घाबरतेय हे दिसत होतं. तरी मी आवाज चढवायचो, कारण खाली आणला असता तर तिने पुढचा प्रश्न विचारला असता.

मग शाळेने पालकांना बोलावलं, घरी स्पेलिंग कसं घ्यायचं ते दाखवायला. सुनेला रजा मिळेना, मी गेलो. सगळ्या आया, आणि मी एकटा म्हातारा बारक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. टीचर एकेकाला फळ्याजवळ बोलवत होती, एका घरातले शब्द शोधून जोडायला. माझ्याकडे बघून म्हणाली, "दादाजी, आप आइए."

मी म्हटलं, "चष्मा घर पे रह गया."

मागून आमच्याच बिल्डिंगमधली एक बाई बोलली, "अंकल, फिर नाक पे क्या है?"

वर्ग खो-खो हसला. टीचरही हसली. मीपण हसलो, आणि बाथरूमला जाऊन येतो सांगून जो निघालो तो परत गेलोच नाही. शाळेच्या जिन्यात मला रडू आलं. बायकोला पोचवून आलो तेव्हा आलं नव्हतं. ते तिच्यासाठी होतं की माझ्या फजितीसाठी, आजही सांगता येत नाही.

त्या बाईने संध्याकाळी लिफ्टमध्ये सुनेला सगळं ऐकवलं. सून वर आली. तिने माझ्यासमोर पोरीलाच विचारलं, "आजोबा नीट घेतात ना गं स्पेलिंग?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. "हो. छान घेतात."

"मग वहीत हे असं का?"

"मीच मस्ती करते. त्यांचं ऐकत नाही."

सुनेने तिचा कान धरला. मला जमीन गिळेल तर बरं असं झालं. ज्या पोरीवर मी रोज ओरडलो, ती माझ्यासाठी कान पिळून घेत उभी.

"सोड तिला," मी म्हटलं. "खोटं बोलतेय ती. मला येत नाही."

"काय येत नाही?"

"काहीच नाही. पहिल्या दिवसापासून. मी नुसता ओरडतो."

सून खांद्यावरच्या बॅगेसकट खुर्चीत बसली. "मग बोलायचं ना बाबा. आईंना तरी कुठे येत होतं?"

"तिला यायचं," मी म्हटलं.

"नव्हतं येत," पोर कान चोळत पुटपुटली. "आजी मलाच विचारायची. रोज टीचरने काय शिकवलं ते मी तिला शिकवायचे. चुकली की ओरडायचे."

हे माझ्यापासून चार हातांवर चाललेलं असायचं.

सोमवारपासून ट्यूशन लागली. तिला सोडायला मी जातो. वाटेत ती दुकानांच्या पाट्या वाचते. अडली तर माझ्याकडे बघत नाही, स्वतःच पुन्हा अक्षरं जुळवते. काल मी एका पाटीकडे बोट दाखवून विचारलं, "बाय, हे काय लिहिलंय गं?" मला खरंच कळत नव्हतं. ती थांबली. मी ओरडणार तर नाही ना, ते तिने आधी माझ्या तोंडाकडे बघून घेतलं, आणि मग हळूच सांगितलं.