जाळ्यातला चेंडू

मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा तिच्या गावातल्या क्लबची फुटबॉल मॅच बघायला गेलो. खेळ सुरू व्हायला वेळ होता. पांढऱ्या केसांचा एक माणूस तरुण गोलकीपरवर चेंडूमागून चेंडू मारत होता.

“बाबा, कित्येक वर्षं हाच इथला गोलकीपर होता. आता कोच आहे,” मुलगी म्हणाली.

जन्मभर चेंडू अडवत आलेला माणूस आता जीव तोडून गोल मारायला बघत होता, आणि चेंडू अडला की खूश होत होता. शिकवणं बहुधा असंच असतं.

एक चेंडू मात्र आत गेला. तरुणाने मान खाली घातली. म्हातारा पुढे गेला, वाकला आणि जाळ्यातून चेंडू त्यानेच काढला, गोल स्वतःवरच झाल्यासारखा.