म्हैसूरच्या उजेडात सुटलेला हात

कोंडाजी पगारे नाशिक रोडला नोटांच्या छापखान्यात कामाला होता. रोज सुटताना फाटकावर झडती द्यायची, दोन्ही हात वर करून. रिटायर झाल्यावर काही महिन्यांनी त्याने स्वतःच्याच घराच्या उंबऱ्यात तसे हात वर केले, तेव्हा त्याची बायको चंद्रभागा खळखळून हसली. तिला वाटलं, थट्टा करतोय. पण तो हसेना. कोणीतरी चाचपून आत सोडेल, याची वाट बघत तो तसाच उभा राहिला. मग तिचंही हसू मावळलं.

त्यानंतर एकेक गोष्ट निसटत गेली. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग दवाखान्याची वाट, मग चहा प्यायलो की नाही तेही. मुलगा मोतीराम त्याला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, सांभाळून घ्या. चंद्रभागेला तो मात्र पक्का ओळखायचा. ती नजरेआड झाली की "भागा, कुठं गेली गं?" म्हणून अख्खी चाळ डोक्यावर घ्यायचा.

म्हैसूरचा राजवाडा ही त्याचीच हौस. त्याचा एक सोबती दसऱ्याला तिकडे जाऊन आला होता आणि पुढे कितीतरी दिवस डबा खाताना त्या दिव्यांचंच सांगत होता. तेव्हापासून कोंडाजी बायकोला म्हणायचा, "रिटायर झालो का तुला दाखवतो. अख्खा वाडा पेटल्यासारखा दिसतो म्हणं, आन् चटका कुठंच नाय." चौऱ्याऐंशी साली चाळीतल्या लताबाईंनी यात्रा कंपनीच्या बसचं सांगितलं, तेव्हा चंद्रभागेनं हट्टच धरला.

"आई, त्यांना घरातलं घरात सुधरत नाही," मोतीराम म्हणाला. "परमुलखात कुठं नेते?"

"म्हणून तर आत्ता न्यायचं. उद्या राजवाडा म्हंजे काय तेच इसरले तर कोणाला दाखवू?"

प्रवासात तो खूष होता. लताबाईंना तीन-तीनदा गाव विचारायचा, खिडकीतून ऊस दिसला की टाळ्या वाजवायचा. चंद्रभागेला वाटलं, हवापालट मानवला. सोलापूरच्या पुढे एका ढाब्यावर त्यानं आपल्या हातानं भाकरी मोडून तिच्या ताटात ठेवली. लग्नानंतर इतक्या वर्षांत असं त्यानं कधी केलं नव्हतं. ती लाजली आणि इकडेतिकडे बघून पटकन खाऊन टाकली.

म्हैसूरला पोचले तो रविवार होता. रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर दिवे लावतात, म्हणून मैदानात माणसाला माणूस खेटून उभं होतं. अंधार पडत चालला होता. चंद्रभागेनं नवऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं.

आणि एकदम दिवे लागले. घुमट, कमानी, सज्जे, सगळं सोन्याच्या ठिपक्यांनी उभं राहिलं. हजारो लोकांच्या तोंडून एकच "आऽऽ" निघाला. चंद्रभागेच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, बघा! तुम्ही सांगायचे तसंच हाय!" म्हणत ती त्याच्याकडे वळली.

कोंडाजी राजवाड्याकडे बघत नव्हता. तो तिच्या हाताकडे बघत होता. त्या लख्ख उजेडात त्यानं तिचा चेहरा नीट निरखला आणि हळू, अदबीनं म्हणाला, "बाई, हात सोडा माझा. लोक बघतात. माझी बायको येईल, तिला काय वाटंल?"

उभ्या जन्मात त्यानं तिला अहो-जाहो केलं नव्हतं. त्यानं मनगट सोडवून घेतलं, टोपी सारखी केली आणि परक्या बाईपासून भला माणूस दूर होतो तसा तो गर्दीत शिरला. ती भानावर येऊन "अहो, अहो" करत धावली, तेव्हा पुढे नुसत्या पाठी होत्या. सगळ्यांचे चेहरे वर, दिव्यांकडे. कोणी वाट देईना. मग वेळ संपली तसे दिवे गेले, आणि तिला काहीच दिसेनासं झालं.

लताबाई तिला घेऊन पोलीस चौकीत गेल्या. चंद्रभागेला कानडी येत नव्हती, हिंदीही जेमतेम. "सफेद टोपी, सफेद पायजमा," एवढंच ती परत परत सांगत होती. यात्रा कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबला. मग हात जोडून म्हणाला, "मावशी, बाकीची माणसं खोळंबली आहेत." बस उटीला गेली. लताबाई मागे राहिल्या. मोतीराम तार मिळताच निघाला. धर्मशाळा, स्टेशन, इस्पितळ, शेवटी प्रेतागारसुद्धा त्यानं पालथं घातलं. पुढच्या रविवारी तिघं पुन्हा मैदानात उभी राहिली. दिवे लागले तेव्हा चंद्रभागेनं राजवाड्याकडे पाठ केली आणि तेवढ्या उजेडात जमतील तितके चेहरे बघून घेतले. त्यांत तो नव्हता.

नाशिक रोडला आल्यावर नळावर बायका विचारायच्या. ती म्हणायची, "गर्दीत हात सुटला." कोणाच्या हळदीकुंकवाला जायचं की नाही, ते तिलाही कळेना आणि बोलावणाऱ्यांनाही. हळूहळू बोलावणीच बंद झाली. मनमाडच्या स्टेशनावर टोपीवाला म्हातारा भीक मागतोय असं कोणी सांगितलं, म्हणून ती मोतीरामबरोबर गेली. तो दुसराच कोणी होता. तरी तिनं त्याला वडापाव घेऊन दिला, त्याच्या शेजारी बाकावर बसली आणि गाडीची वेळ होईतो उठलीच नाही.

काही वर्षांनी मोतीरामनं मन घट्ट केलं. वडील गेले असं धरून त्यांचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. विहारातून आलेल्या भन्तेजींनी विचारलं, "कधी गेले?" मोतीरामनं आईकडे पाहिलं. शेवटी त्यानं हात सुटला तोच रविवार सांगितला. वंदना झाली, खीर झाली, माणसं जेवून गेली.

लताबाई भांडी आवरू लागायला थांबल्या होत्या. त्यांना चंद्रभागेनं पहिल्यांदाच सगळं सांगितलं, मैदानात हात सोडवून घेताना तो काय म्हणाला होता ते.

लताबाई समजूत घालायला म्हणाल्या, "म्हणजे त्यांना कळलंच नाही ना काही. तुला सोडून चाललोय याचं दुःख तरी झालं नसंल."

"तसंच असूदे," चंद्रभागा म्हणाली. "मी तेवढंच मागते. पण त्यांचं असंच व्हायचं, लताबाई. घटकाभर इसरायचे आन् मग एकदम आठवायचं. सकाळी कुठंतरी जाग आली आसंल, आन् हाक मारली आसंल, भागा, कुठं गेली गं?"

चंद्रभागेनं राख घेतली आणि खिरीचं पातेलं घासायला ओढलं.