यमाईला दाखवलेला चहा

कचेरीत मला सगळे ‘महाराज’ म्हणतात. चहा आला की मी खिशातला यमाईचा फोटो काढून कपासमोर धरायचो, कपाभोवती पाण्याचं बोट फिरवायचो, डोळे मिटायचो आणि मगच घोट घ्यायचो. नवीन बदलून आलेले साहेबसुद्धा तोवर आपला कप हातात धरून ताटकळायचे. माझं बघून आमच्या शिपायाने गळ्यात माळ घातली. आज सांगतो, मी त्या वेळी देवीच्या डोळ्यांदेखत चोरी करत असायचो. बायको आणि एक अनोळखी बाई सोडली तर हे कुणालाच ठाऊक नाही.

काही वर्षांपूर्वी सुमनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हृदयाचं ऑपरेशन मिरजेत झालं. डॉक्टर नुसतं ‘बघू’ म्हणाले होते. मी बाहेर येऊन गाड्यावर चहा घेतला, कप ओठाला लावला आणि घोट उतरेना. मी दारू पीत नाही, तंबाखू खात नाही. देवीपुढे सोडण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मनात म्हणालो, “आई यमाई, हिला उठव. आजपासून चहा सोडला.” आणि भरला कप गटारात ओतला. गाडेवाला कळवळून म्हणाला, “साखर कमी झाली का, पाव्हणं?”

सुमन उठली. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली आणि आल्याचा चहा करून माझ्यापुढे उभी राहिली. कप बशीत थडथडत होता. “घ्या. लय दिसांनी माझ्या हातचा.” आता हिला नाही कसं म्हणायचं? नवस बोलून दाखवला तर फळत नाही, अशी मी मनाची समजूत घातली, पण खरं कारण आल्याचा वास. तेवढ्यात देवघरातला दिवा दिसला आणि मला नको ते सुचलं. देवीला दाखवला की चहा हा चहा राहत नाही, प्रसाद होतो. आणि प्रसादाला नाही म्हणू नये, असं आईने लहानपणापासून शिकवलेलं. मी कुंडीतलं तुळशीचं पान तोडून कपात टाकलं.

“आवं, देवीला च्या?” सुमन बघतच राहिली.

“तिला काय सकाळी तरतरी नको व्हय?”

त्या दिवसापासून पळवाट अंगवळणी पडली. पण चोरीलाही कष्ट पडतात. पारोशाने नैवेद्य दाखवता येत नाही, म्हणून चहाआधी अंघोळ आली. सुमन मागे हात जोडून उभी राहायची, म्हणून आरती पाठ करावी लागली. आणि आरती म्हणताना देवीकडे बघावं लागतं, ते सगळ्यांत जड. सुमन जिन्यात दम घ्यायला थांबली की वाटायचं, देवीने दिलेलं परत घ्यायला सुरुवात केली. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीकडे माझा हात जायचाच.

यंदा तिला फार थकवा येऊ लागला. डॉक्टरांनी तपासायला बोलावलं. विट्याहून निघालो, तासगावच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. सुमनने दोन कप चहा आणला. मी खिशात हात घातला, तर फोटो दुसऱ्या शर्टात राहिलेला. कप हातात, देवी नाही. सुमन म्हणाली, “प्या की आता. गाडी येईल.” मला तर घाम फुटला. तेवढ्यात डोक्यावरच्या टोपलीत देवीचा मुखवटा घेतलेली, कपाळभर भंडारा लावलेली एक बाई समोर आली. मी लाज सोडून म्हणालो, “मावशी, एवढा चहा देवीला दाखवता का? पण ही यमाई आहे का?”

“भनीभनी हाईत त्या. निरोप पोचतो. आन हिकडं.”

तिने टोपली बाकावर ठेवली, कप मुखवट्यापुढे धरला आणि मग उभ्या उभ्या सगळा चहा पिऊन टाकला.

“अहो, प्रसाद?”

“देवी लय तान्हेली हुती, बाबा. काय ठिवलंच न्हाई.”

सुमन हसत सुटली. तोंडात पदर कोंबून हसली. ऑपरेशनपासून तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं. दम न लागता ती हसतेय हे लक्षात आलं आणि बेदाण्यांची पोती घेऊन बसलेल्या माणसांच्या मधोमध मला रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं.

“म्हंजे माझ्या जिवावर उदार हून तुमी रोज च्या ढोसत हुता?”

“प्रसाद म्हणून.”

“गप बसा!” मग पदर सारखा करत हळूच म्हणाली, “मीबी बोलले हुते. आत नेताना. आई, मला उठव, ह्या माणसाला माझ्या हातचा सकाळचा च्या कवा चुकवणार न्हाई. तुमास्नी दुसरं आवडतंय तरी काय?”

“मला विचारायचं तरी!”

“नवस काय विचारून करत्यात?”

बाई टोपली डोक्यावर चढवत सगळं ऐकत होती. म्हणाली, “मग हिनं करायचा, तुमी दावायचा, दुसऱ्यानं प्यायचा. एवढं काय अवगड हाय? आन बाई, ह्यो साखर कमी असल्याला हुता. घरचा बरा कर.” तिला काही द्यावं म्हणून मी पाकीट काढेपर्यंत ती दिसेनाशी झाली. आटपाडीची गाडी लागली होती. तिच्यात चढली असेल.

मिरजेत डॉक्टर म्हणाले, हृदय उत्तम आहे, रक्त कमी झालंय, बेदाणे खा. बेदाण्यांच्या तासगावातून आम्ही तसेच पुढे आलो होतो.

आता सुमन रोज चहा करते, मी यमाईला दाखवतो आणि शेजारचे तांबोळी चाचा तो पितात. पेपर मागायच्या निमित्ताने बरोबर त्या वेळेला दारात येतात. “यमाईचा झाला का, वहिनी? आलं जरा जास्त घाला.” मी पुढ्यात बसून नुसता वास घेतो. इतकी वर्षं मी देवीला कप देत होतो खरा, पण कपाचा कान मात्र माझ्याच बोटात धरलेला होता. सोडणं म्हणजे तो सोडणं, एवढंच होतं. आणि मी चोरी करायला म्हणून तिच्यापुढे बसायचो, तिने मात्र तेवढ्यात माझ्याकडून आरती पाठ करून घेतली. मी आजही ती म्हणतो, आणि आता तिच्याकडे बघून म्हणतो.

हे लिहिलं, म्हणजे कचेरीतल्यांचं देणं फिटलं. यमाईचं अजून बाकी आहे: मधल्या वर्षांतला सगळा चहा, आणि गेल्या मंगळवारी तांबोळी चाचा गावाला गेले होते, तेव्हाचा अर्धा कप.