भुसेवाल्या चाचांचं रेडकू

आज माझी पोरगी नववीत शिकते ती भुसेवाल्या चाचांमुळं. त्यांचं नाव आधी घेते, मग बाकीचं सांगते. मी स्वतः सातवीतून शाळा सोडलेली, त्यामुळं लिहिताना मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

चाचांचं दुकान परळीला, स्टेशनच्या रस्त्यावर. माणूस आत शिरला की चाचा आधी त्याच्या डोळ्यांत बघायचे. नाव नाही, गाव नाही. शिवरात्रीला दर्शनाला गेले तेव्हा मी नवी नवरी होते, सहज दारात थांबले, तर म्हणाले, "काळविटाचे डोळे हायत तुझे, बेटी. या मापाची जोडी हाय माझ्याकडं." आणि खरंच डबा उघडला. कापसावर काचेचे डोळे मांडलेले, सगळे माझ्याकडंच बघणारे. पळावं की अजून वाकून बघावं, मला कळेना. शेवटी वाकून बघितलं.

दुकानात जबडा उघडून उभा असलेला भुसा भरलेला बिबट्या होता. भिंतीवर काळविटांची मुंडकी होती, काचेच्या पेटीत दोन तोंडांचं वासरू होतं, आणि निजामाच्या काळातली घड्याळं होती, प्रत्येकात वेगळेच वाजलेले. मेलेलं जनावर इतकं जिवंत कसं दिसतं, आणि ते बघायला मला आवडतं तरी कसं, हा गोंधळ तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. परळीला गेले की मी तिथं डोकावायचेच.

जनावरं भरायचं काम चाचांच्या वडिलांचं, चाचाही त्यांच्याच हाताखाली शिकलेले. शिकारबंदी आली आणि ते संपलं. चाचा गढ्यांमधलं जुनं सामान विकून भागवायचे. तरी रोज सकाळी दाढीच्या ब्रशनं बिबट्याच्या मिशा झाडायचे. मी एकदा विचारलं, "चाचा, तुमाला भ्या न्हाई वाटत याचं?" तर हसले. "हा कावून भिवडवील? याचा धंदा कवाच बंद पडला. माझ्यासारखाच हाय गरीब."

मग ते दुष्काळाचं साल आलं. सगळं गाव ऊसतोडीला गेलं. मुकादमाला नवरा-बायकोची जोडी हवी असते, पण माझी पोर पाळण्यात होती, म्हणून आमचे हे एकटेच गेले. घरी मी, सासूबाई आणि भुरी म्हैस. तिचं दूध सोसायटीच्या डेअरीला जायचं, त्यावर आमचं चालायचं. आणि भुरीचं रेडकू मेलं. भुरी पान्हा सोडेना. ह्यांचा निरोप आला: दूध बंद झालं तर म्हैस बाजाराला, आणि तू पोरीला घेऊन उसाच्या फडावर. फडावर पोरांचं काय होतं ते मला कुणी सांगायला नको होतं. माझी शाळा आईबरोबर फडावरच सुटली होती.

रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं उभं केलं की ती पान्हा सोडते, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. पण ते काम करणारा गावचा माणूसही टोळीबरोबर गेलेला. मला चाचा आठवले. रेडकू पोत्यात घातलं आणि डेअरीच्या टेम्पोत बसले.

ड्रायव्हर म्हणाला, "वैनी, पोत्यात काय हाय?"

"रेडकू."

"जितं का मेलेलं?"

"मेलेलं."

"मग त्याचं भाडं न्हाई," म्हणाला. मला हसू आलं, आणि लगेच रडू आलं.

चाचांनी पोतं उघडून पाहिलं. "बिबटे झाले, अस्वलं झाली. आमच्या खानदानात रेडकू कुणी केलं न्हाई, बेटी." मला वाटलं नाही म्हणतायत. पण त्यांनी बाह्या सरसावल्या.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच त्याच टेम्पोतून रेडकू घेऊन आले. काय सांगू! मान वर, कान टवकारलेले, अंगाला चकाकी, डोळे असे की आता हंबरेल. गावात उरलेली म्हातारी माणसं गोळा झाली. एकजण म्हणाला, "जितं व्हतं तवा एवढं देखणं न्हवतं, चाचा!" चाचांची छाती फुगली. भुरीनं मात्र हुंगलं, फुर्रर केलं आणि तोंड फिरवलं.

चाचांचा चेहराच उतरला. "मोठमोठे साहेब दचकायचे माझं काम बघून. आन् ही तोंड फिरवती?"

सासूबाई म्हणाल्या, "अवो, काय काय लावलं तुमी याला?"

"तुरटी. साबण. वरून रोगण."

"झालं मग! आईला लेकराचा वास पाहिजे, रूप घेऊन काय करील ती?"

चाचांनी रेडकाला नाक लावून हुंगलं. मग म्हणाले, "ते पोतं कुठाय?" रेडकू नेलेलं पोतं मी परत आणून खुंटीला टांगलं होतं, रेडकाचा वास त्याला तसाच होता. त्यांनी ते रेडकाच्या पाठीवर घट्ट शिवलं, त्यावर मीठ चोळलं. म्हैस चाटताना गिळेल म्हणून काचेचे डोळे काढून खिशात टाकले. "आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातानं जनावर आंधळं केलं," असं पुटपुटले.

भुरीनं पुन्हा हुंगलं. थांबली. मग हळूच चाटायला लागली. सासूबाई खाली बसल्या आणि बादलीत धार वाजली.

माझ्या कडेवर माझी पोर होती. माझं लेकरू माझ्याजवळ राहावं म्हणून मी दुसऱ्या आईला फसवत होते. बरं वाटत होतं की वाईट, ते मला आजही सांगता येत नाही. चाचांनी हळूच विचारलं, "तिला खरं वाटलं आसंल का, बेटी? का तिला कळलंय, आन् तरी चाटती?"

त्यांनी कामाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "जलमभर मेलेल्यांत बसलो. पुढच्या वेताला चीक आणून दे. नव्या जिवाचं पहिलं दूध खाऊ दे मला."

भुरी आटली तेव्हा चाचा ते रेडकू मागून घेऊन गेले. चाटून चाटून पोत्याच्या चिंध्या झाल्या होत्या, खालचं कातडंही उघडं पडलं होतं. चाचांनी ते बिबट्याशेजारी ठेवलं. पुढं कुणा पुढाऱ्याच्या बंगल्यासाठी माणूस आला, घड्याळं घेतली, पानदान घेतलं, आणि गंमत म्हणून हे रेडकूही मागितलं. चाचा म्हणाले, "ते इकायचं न्हाई. त्याचं काम चालू हाय."

भुरी पुन्हा व्यालीच नाही. पुढच्या दुष्काळात ती गेली आणि आम्ही गुजरातेत वापीला आलो. इथं मी कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. निघताना गाडीच्या आधी दुकानात गेले. चाचांनी नेहमीसारखं डोळ्यांत पाहिलं, डबा काढला आणि न उघडताच परत ठेवला. "आता या डोळ्यांची जोडी न्हाई माझ्याकडं," म्हणाले. मग मागून हाक मारली, "चीक राहिला, बेटी!"

चाचा आता आहेत की नाहीत, गावाकडं फोन करून विचारायची मला भीती वाटते. पण गावी एक म्हैस घ्यायची, एवढं मी ठरवलंय. ती व्याली की तिच्या लेकराचं पोट आधी भरू देईन. मग उरलेल्या चिकाचा, गूळ-विलायची घातलेला खरवस डब्यात घेऊन स्टेशनच्या रस्त्याला जाईन. चाचा असतील तर त्यांच्या हातात देईन. नसतील तर दुकान शोधीन, आणि त्या रेडकापुढं ठेवीन.