कोंग्यावरचं कुंकू

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कोंगा ताणणं. कोंगा म्हणजे पिंपासारखा उभा ढोल, हातानं वाजवायचा. कार्यक्रम झाला की कातडं सैल करायचं, दुसऱ्या दिवशी परत ताणायचं. हॉटेलच्या स्टोअरवर माझा भरवसा नाही, म्हणून कोंगा आमच्या शारजातल्या, रोल्ला भागातल्या खोलीतच असतो. मी पान्यानं नट आवळत होतो, ती कोंग्याला मिठी मारून बसली होती. कुणी धरला नाही तर तो गोल फिरतो. तरी फिरलाच, म्हणून मी पायानं अडवायला गेलो.

"अहो, पाय लावू नका! वाद्य आहे ते."

"मग नीट धर की. हातात जीव नाही का?"

"तिकडे भाजी करपतेय. करपली तर तुम्हीच खायची."

करपलीच. खाल्ली. संध्याकाळी मी हॉटेलात वाजवत होतो आणि इकडे ती गेली. शेजारणीनं केलेले फोन मला कार्यक्रम संपल्यावर दिसले.

आता आमच्या साल्सा बँडचा इतिहास छापतायत. मोठं, चकचकीत पुस्तक. क्युबाची गाणारी बाई, गोव्याचा ट्रम्पेटवाला, मनिलाचा पियानोवाला आणि मी, एवढेच जुने उरलो. मी दुबईत जबल अलीला परांच्या बांधायचो, मजुरांच्या कॅम्पातल्या भजनात ढोलकी वाजवायचो. पहिला कोंगावाला मायदेशी निघून गेला तेव्हा ट्रम्पेटवाल्याच्या भावानं माझं नाव सुचवलं. तो आमचा फोरमन होता. साल्सा पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, ही माणसं समेवर यायचंच विसरलीत. पुढे हॉटेलं बदलली, मालक बदलले, गाणारी दोनदा रुसून गेली आणि दोनदा परत आली. हे सगळं पुस्तकात आहे.

माझी बायको तेवढी त्यात नाही. दर दसऱ्याला दुपारी ती ताट घेऊन हॉटेलात यायची, प्रत्येक वाद्याला हळदकुंकू लावायची. गाणारी मान पुढे करायची, "हबीबी, माझा गळापण वाद्यच आहे." बाकीच्या वाद्यांवरचं संध्याकाळपर्यंत पुसलं जायचं. माझ्या कोंग्याच्या कातड्यानं मात्र ते पिऊन घेतलं.

पुस्तकाचं काम जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसातली पुण्याची मुलगी बघते. पुस्तकासाठी फोटो काढायच्या आदल्या दिवशी हॉटेलात आली.

"काका, ह्या ड्रमवर स्टेन आहे. उद्याच्या आधी क्लीन करून घ्या ना."

"डाग नाही तो. कुंकू आहे. माझ्या बायकोनं लावलेलं."

"ओह. सॉरी काका. राहू द्या मग, आम्ही नंतर एडिट करून काढू."

"तिचं नाव कुठे घातलंयस पुस्तकात?"

"त्या बँडमध्ये नव्हत्या ना, काका."

"मग मलाही काढ. ती असेपर्यंत एकट्यानं ताणलाय का मी हा कधी?"

ती मोबाइल बघायला लागली. बाकीच्यांनी आपापली वाद्यं पुसायला घेतली. एवढी वर्षं माझ्या बायकोच्या हातचे लाडू खाल्ले होते त्यांनी. डोकं असं सणकलं, की त्या दिवशी पहिल्या गाण्यातच हात चुकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोच्या फळीवरचा कुंकवाचा करंडा खिशात टाकला, कोंगा टॅक्सीत घातला आणि सगळ्यांच्या आधी हॉटेल गाठलं. दसरा बिसरा काही नव्हता. पियानोला लावलं, ट्रम्पेटच्या पेटीला लावलं, नव्या पोराच्या गिटारलासुद्धा लावलं. चांगलं ठसठशीत. काढत बसू दे त्या पुण्याच्या मुलीला. गाणारी आली, बघितलं आणि मान पुढे केली.

कोंगा ताणायचा राहिला होता. पियानोवाला म्हातारा खाली बसला, दोन्ही हातांनी धरला. मी पाना फिरवला तसा कोंगा फिरला, आणि म्हाताऱ्यानं तो अडवायला पाय पुढे घेतला.

"पाय लावू नको!" मी मराठीतच ओरडलो. "वाद्य आहे ते."