दुसऱ्या भागातली स्वार

त्या सिनेमाच्या दुसऱ्या भागात, अगदी शेवटाकडे, नायिका तांबड्या घोडीवरून सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार, उतरत भरधाव येते आणि कड्याच्या काठावर घोडी वळवते. आमच्या पेठेत कुणालाही विचारा, तो सांगेल की त्या लुगड्यात मी होतो. मी नव्हतो. माझी थोरली बहीण होती. एवढं लिहायला मला पन्नाशी गाठावी लागली. तोंडानं मी हे एकदाच बोललो आहे, आणि त्याचं पुढं काय झालं तेही सांगणार आहे.

आमचा टांग्याचा धंदा. नव्वदीच्या आसपास रिक्षा वाढल्या, स्टँडावरचे टांगे एकेक करून मोडीत निघाले. वडिलांनी एक टांगा विकला, दुसरा ठेवला आणि जनावरं वरातीला द्यायला सुरुवात केली. त्यातली तांबडी घोडी आक्काच्या हातची. आक्का म्हणजे ही बहीण. शिंगरू असल्यापासून तिनंच तिला वाढवलेली. पहाटे घाटावर घोड्यांना धुवायला वडील आम्हा दोघांना न्यायचे आणि येताना उघड्या पाठीवर बसवून आणायचे. मी अयाळ घट्ट धरून बसायचो. आक्का हात मोकळे सोडून, वेणी बांधत बसायची. रस्त्यात लोक बघायला लागले की वडील तिला उतरवायचे. मला नाही उतरवायचे.

सिनेमाचा पहिला भाग आधीच येऊन गेला होता. चंदगडच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावरची एक मुलगी, घोडी विकत फिरणारा एक परका तरुण, आणि पावसाळ्यात तुटणारी वाट. शेवटी तो तरुण दरीत कोसळतो. लोक रडत बाहेर पडले होते. मग बातमी आली की दुसरा भाग निघतोय, आणि त्यात तो परत येतो.

पुढं तो दुसरा भाग आम्ही पेठेतले सगळे मिळून बघायला गेलो तेव्हा माझ्यामागं दोघे भांडत होते.

"मागच्या पिच्चरमधी मेलाता की ह्यो."

"मेला कुटं? पडलता. प्रेत दावलंतं काय तुला?"

"न्हाई."

"मग? गप बघ."

जरा वेळानं पहिला पुन्हा म्हणाला, "चंदगडात वाड्यावर म्हशी असत्यात रं. घोडी कुणाकडं हाईत?"

"हिच्याकडं हाईत. तुला काय तरास हाय?"

थट्टा राहू द्या, पण तो सिनेमा चांगला होता. आज मी तो डोळे मिटून सबंध बघू शकतो. धुक्यातून आधी घोड्यांच्या घंटा ऐकू येतात आणि बऱ्याच वेळानं घोडी दिसतात. म्हातारी चुलीपुढं भाकरी थापते आणि बाहेरच्या टापांवरून ओळखते की कोण आलं. तो तरुण परत येतो तेव्हा मुलगी धावत जात नाही. आधी त्याच्या घोडीचा खूर उचलून बघते, आत अडकलेला खडा काढते, आणि मग त्याच्याकडं बघते. प्रेम असं दाखवणारा माणूस डोंगरात राहिलेला असला पाहिजे असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

त्या दुसऱ्या भागाचं शूटिंग चंदगडच्या बाजूला झालं. पहिल्या भागातली घोडी मिळेना, आणि आमची तांबडी दिसायला तशीच होती, म्हणून ती ट्रकात चढली. वडिलांना दमा, म्हणून मदतीला मी. घोडी आक्काच्या हातचंच खायची, म्हणून आक्का. ती बाविशीची असेल, मी तिच्याहून लहान. आईनं निघताना तिला एवढंच सांगितलं, "मान खाली घालून जा, तशीच परत ये."

शेवटची ती दौड करायला मुंबईहून स्टंटवाला आला होता. मिशी काढलेला, लुगडं नेसलेला, दंडावर बांगड्या चढत नव्हत्या म्हणून चिडलेला. बाईच्या जागी पुरुष बसवायचा ही तेव्हाची रीतच होती, त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही. पण तांबडी त्याला पाठीवर घेईना. चढला की ती मागं सरकायची, कान पाडायची. शेवटी तिनं त्याला चिखलात ठेवला आणि शांतपणे गवत खायला लागली. युनिट हसलं. वेळ चालली होती, धुकं वर येत होतं.

आक्का घोडीला शांत करायला म्हणून गेली. तिचा गळा थोपटला, कानात काहीतरी बोलली आणि खोगिरावर बसून एक फेरी मारून आली. सहज. आपण दारातली सायकल बाजूला लावतो तसं.

डायरेक्टरनं ती फेरी बघितली. मग वडिलांना म्हणाला, "आबा, ही बसली तर?"

वडील खोकले. आक्का घोडीचा पट्टा आवळत होती, पण तिचे हात थांबले होते. शेवटी वडील म्हणाले, "तोंड दिसायचं न्हाई. आणि नाव कुटं यायचं न्हाई."

"नाही येणार."

"मग बसू दे."

मला कड्याच्या बाजूला झुडपाआड दोर घेऊन उभं केलं होतं. घोडी सुटली तर आडवा धरायचा. मी तो धरला असता की नाही, मला माहीत नाही. टापा जवळ यायला लागल्या आणि मी डोळे मिटले. दगड घरंगळल्याचा आवाज आला. मग टाळ्या. डोळे उघडले तेव्हा आक्का माझ्यापासून चार हातांवर होती, घोडीच्या तोंडाला फेस, आक्काच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी. ती हसत नव्हती. हसण्याच्या पलीकडचं होतं ते.

म्हणजे तिची ती दौड मी पहिल्यांदा बघितली ती थिएटरात. पदर सरळ मागं उडालेला, पाठ ताठ, आणि काठावर घोडीचं अख्खं अंग कमानीसारखं वळतं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, टोप्या उडवल्या. मघाचा तो भांडणारा उभा राहून म्हणाला, "आयला, ही हिरोईन न्हवं." आक्का माझ्या शेजारी बसली होती, आईच्या अलीकडं. तिनं पदर तोंडावर घेतला होता. त्याच्या आड ती काय करत होती ते मी विचारलं नाही.

सिनेमा अजून चालू होता तेव्हाच तिला बघायला पाहुणे आले. सीमेकडचं गाव, ऊसवाले, घरात दुधाचा धंदा. चांगलं स्थळ. मुलगा गप्प होता, त्याचा चुलता दोघांचंही बोलत होता.

"तुमच्या घोडीचा पिच्चर बघितला की. आमच्या गावातनं ट्रॉली भरून गेलती. शेवटाला पोरीची कापडं घालून कोण बसलतं, पावणं?"

प्रश्न सरळ होता. बसलेला गडीच असणार, एवढं गृहीत धरून विचारलेला. वडिलांनी कपाकडं बघितलं. आई आतल्या दारात होती. आक्का बिस्किटांची ताटली ठेवायला वाकली होती.

मी म्हणालो, "मी."

चुलता खूश झाला. "तरीच. बाईमाणसाचं काम न्हवं ते. पर लुगडं झ्याक सावरलास की रं. आता ह्येचंबी लगीन लावा, न्हाईतर कुणीतरी मागणी घालंल." सगळे हसले. नवरा मुलगाही हसला. आक्कानं ताटली ठेवली, बिस्किटं नीट केली आणि आत गेली. सोयरीक जमली.

पाहुणे गेल्यावर मी तबेल्यात गेलो. ती तांबडीला खरारा करत होती.

"आक्का, दुसरं काय बोलणार हुतो मी?"

"बरं केलंस," ती म्हणाली. खरारा चालूच होता. मग म्हणाली, "आता कुटं पडू नगंस म्हंजे झालं."

तेव्हा मला तो विनोद वाटला. मी पडलो नाही, कारण तशा घोड्यावर मी कधी बसलोच नाही. पण बाकी सगळं मी घेतलं. तालमीत नारळ आणि शाल घेतली. पोरं मला "हिरोईन" म्हणून चिडवायची, त्यात मान होता, तो घेतला. पुढं कुठल्याही शूटिंगला घोडी लागली की मला बोलावणं यायचं, "तो कड्यावरचा" म्हणून. मी घोडी पुरवायचो, बसायला दुसऱ्यांना लावायचो आणि कंबर दुखते म्हणायचो. माझं घर त्यावर उभं राहिलं. काठावर घोडी कशी वळवलीस असं कुणी विचारलं की मी हाताची खूण करून दाखवायचो, "डावा लगाम जरा ढिला." तो शोध माझाच. खरं काय ते मला ठाऊक नव्हतं, आणि जिला ठाऊक होतं तिला विचारायची माझी छाती नव्हती.

आक्का तिकडं म्हशी बघायची, डेअरीचं दूध बघायची. सासरी तिला मान होता. दाजी, म्हणजे तिचा नवरा, भला माणूस, कमी बोलणारा. मी गेलो की मला स्टँडपर्यंत सोडायला यायचे. भाऊबीजेला मी दरवर्षी जायचो. ओवाळताना आक्का माझ्या डोळ्यांत बघायची नाही, किंवा मला तसं वाटायचं.

अशाच एका भाऊबीजेला, दोन हजार सालाच्या बरंच पुढं, टीव्हीवर तो दुसरा भाग लागला. दुपारची जेवणं झालेली. दाजी, आक्काच्या सासूबाई, त्यांना ती तिकडच्या रीतीनं आत्ती म्हणते, आणि माझी भाची, दहाएक वर्षांची. सगळे पडद्यापुढं. शेवटची दौड आली. भाची माझ्या मांडीवर हात ठेवून श्वास रोखून बसली. घोडी वळली.

"मामा, मला शिकवशील?"

मी काही बोलायच्या आत आत्ती म्हणाल्या, "पोरीचं काम न्हवं ते. मामा गडीमाणूस हाय, म्हणून त्याला जमलं."

"मी बसंन की."

"पडशील, हातपाय मोडशील. कोण करून घेणार मग तुला? आईला इचार. तिच्या म्हायारी एवढी घोडी, बसली काय ती कधी?"

भाचीनं आक्काकडं बघितलं. "बसलीस?"

आक्का सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबला नाही. "मला कुटं येतंय," ती म्हणाली.

ते ऐकून मात्र मला बसवेना. माझं खोटं मी एवढी वर्षं पोसलं होतं. ते आता तिच्या तोंडून, तिच्याच मुलीला सांगितलं जात होतं.

मी म्हणालो, "ती आक्का हाय. टीव्हीत. मी न्हवं. मी बाजूला दोर धरून हुतो, डोळं झाकून."

आधी आत्ती हसल्या. मग त्यांनी माझं तोंड बघितलं आणि हसू आवरलं. दाजींनी टीव्ही बंद केला. भाचीला काही कळेना, ती एकदा माझ्याकडं, एकदा आईकडं.

"खरं काय गं?" दाजींनी विचारलं.

आक्कानं अडकित्ता ताटात ठेवला. ती दाजींशी नाही, माझ्याशी बोलली. "हलकं झालं तुझं? आता हितं कोण ऱ्हाणार हाय? मी ऱ्हाणार हाय. ही माणसं मला बघाया आलती त्यो दिवस आठवून बघ. तवा गप बसाया येत न्हवतं तुला, आणि आज बी न्हाई."

तिचं बरोबर होतं. मला वाटलं होतं मी तिचं तिला परत देतोय. मी पुन्हा एकदा तिला न विचारता बोललो होतो.

दाजी उठून दारापर्यंत गेले, तिथंच उभे राहिले, पाठमोरे. एवढ्या वर्षांच्या संसारात आपल्या बायकोची सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याला मेव्हण्याच्या नावानं सांगितली गेली, हे माणसाला पचायला वेळ लागणार. मग ते वळले आणि त्यांनी भलतंच विचारलं.

"भ्या वाटलं न्हाई?"

"वाटलं की."

"मग वळवलीस कशी?"

"कड्याकडं बघितलंच न्हाई," आक्का म्हणाली. "डाव्या अंगाला एक जांभळ हुती. तिच्याकडंच बघितलं पयल्यापासनं. आपुण बघंल तिकडं आपलं अंग जातंय, अंग जाईल तिकडं घोडी. लगामाला हात सुदीक लावला न्हाई. ओढला असता तर गेलो असतो दोघी."

लगामाला तिनं हातसुद्धा लावला नव्हता. मी लोकांना काय काय करून दाखवत होतो.

"आणि त्यो मुंबईवाला?" भाचीनं विचारलं. त्याला घोडीनं पाडल्याची गोष्ट मीच तिला रंगवून सांगितलेली. "त्यो का पडला?"

"त्यो तिच्यावर रागावलता. रागावलेलं माणूस पाठीवर घेत न्हाई ती."

आत्तींनी पाय मुडपून घेतले, पुढं सरकल्या. "अगं पण काष्टा? एवढ्या वाऱ्यात सुटला न्हाई?"

"मीच घातलता, आत्ती. सुटतुय कसा? त्यांच्या हिरोईनीला तर निऱ्या बी येत न्हवत्या, तिलाबी मीच नेसवलं."

आत्ती खुदकन हसल्या. दाजी दारातून परत येऊन खाली बसले, भिंतीला टेकून, आणि काहीतरी विचारायला लागले, उतार केवढा होता, घोडी थकली नव्हती का. आक्का हातानं जमिनीवर उतार काढून दाखवत होती. भाची तिच्या अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. आक्काचा आवाज वाढला होता. एवढ्या मोठ्यानं बोलताना मी तिला तिच्या सासरी कधी ऐकलं नव्हतं.

माझ्या एसटीची वेळ झाली. मी येतो म्हणालो. दाजींनी नुसती मान हलवली, उठले नाहीत. पायरीवर बसून मी चपला घातल्या, उगाच वेळ लावला. आत आक्का सांगत होती की दगड सुटले तेव्हा घोडीचा मागचा पाय घसरला होता. ते मला माहीत नव्हतं. पुढचं ऐकायला थांबावंसं वाटलं, पण मला कुणी थांब म्हणालं नाही, आणि ते बरोबरच होतं.